नाताळ ते सहा जानेवारी

बुधवार, २५ डिसेंबर १९५७. उरले सुमारे तीनशे तास.

दक्षिण ऑस्ट्रेलियात नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. ॲडलेड शहरापासून दीडशेक किलोमीटरवर, अल्बर्ट सरोवराच्या काठी मेनिंगी नावाचं छोटं गाव आहे. तेव्हा त्या गावापासून मैलभर दूर एक वस्ती होती, आणि तिचं नावच होतं ‘वन माइल कॅम्प’. आपण गावकुसाबाहेर म्हणतो; त्यांनी अंतर मोजून नाव ठेवलं होतं. पत्रा, गोणपाट आणि मिळेल त्या लाकडाच्या झोपड्या. राहणारी माणसं नॅरिंजेरी, म्हणजे तिथले ॲबोरिजिनल, मूळनिवासी. मरे नदीचं मुख आणि समुद्राला समांतर पसरलेली कूराँगची लांबलचक खाडी हा त्यांचा हजारो वर्षांचा मुलूख. पुरुष लोकर कातरायला, कुंपणं घालायला, मासेमारीला जात. बायका लव्हाळ्याच्या टोपल्या विणत.

त्या दिवशी जोसेफ ट्रेवरो याचा धाकटा मुलगा ब्रूस आजारी होता. वय १३ महिने, पोटात दुखत होतं. जोसेफकडे गाडी नव्हती. त्याने शेजाऱ्यांना गळ घातली, सणाच्या दिवशी गाडी काढायला लावली आणि पोराला ॲडलेडच्या मुलांच्या रुग्णालयाकडे धाडलं.

एवढंच घडलं. कुठल्याही बापाने केलं असतं ते. पण ते नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या काही तासांत कागदावर या बापाचं अस्तित्वच राहणार नाही.

त्याच दिवशी, रुग्णालयात.

पोराला गॅस्ट्रो झाल्याचं निदान झालं. उपचार सुरू झाले, आणि ते बरेच म्हणायला हवेत, कारण पोर वाचलं. पण आजाराच्या नोंदीबरोबर आणखी एक नोंद झाली: मुलाला आईबाप नाहीत, मूल दुर्लक्षित आहे, कुपोषित आहे.

आईबाप नाहीत! शेजाऱ्यांच्या गाडीतून आलेलं, बापाने पाठवलेलं मूल. आई थोरा जिवंत, बाप जिवंत, भावंडं झोपडीत. कोणी कारकुनाने आळसाने लिहिलं की कोणी ठरवून, याचा आता काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. काळ्या वस्तीतलं मूल म्हटल्यावर ‘दुर्लक्षित’ हा शब्द लेखणीतून आपोआप उतरायचा. झोपडी म्हणजे दुर्लक्ष, गोणपाट म्हणजे दुर्लक्ष, उन्हातान्हातली गरिबी म्हणजे आईचा दोष. पन्नास वर्षांनी न्यायालयाने या नोंदीतला खोटेपणा उघड केला. त्या नाताळला मात्र ती नोंद हाच पुरावा होता.

घड्याळ मागे.

ही नोंद एकटी काही करू शकली नसती. तिच्यामागे कायदा उभा होता आणि त्याला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या १९३४ च्या ॲबोरिजिन्स ॲक्टनुसार प्रत्येक ॲबोरिजिनल आणि मिश्ररक्ताच्या मुलाचा कायदेशीर पालक सरकारने नेमलेला मुख्य संरक्षक असे. मुलाचे आईबाप हयात असले तरीही, आणि मूल २१ वर्षांचं होईपर्यंत. १९३९ च्या दुरुस्तीने हे पालकत्व ॲबोरिजिन्स प्रोटेक्शन बोर्ड, म्हणजे मूळनिवासी संरक्षण मंडळाकडे गेलं. आपल्याकडे जिल्ह्याला पालकमंत्री असतो; तिथे कार्यालयात बसलेलं एक मंडळ हजारो पोरांचं पालक होतं, आणि पोरांना त्याचा पत्ताही नव्हता.

मिश्ररक्ताची मुलं हा त्या काळच्या अधिकाऱ्यांचा खास विषय. १९३७ मध्ये कॅनबेरात राज्यांचे संबंधित अधिकारी जमले आणि त्यांनी ठराव केला की, जे पूर्ण रक्ताचे नाहीत त्यांचं भवितव्य गोऱ्या समाजात विरघळून जाण्यात आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे ए. ओ. नेव्हिल यांनी तर तिथे सरळ विचारलं होतं की, पुढे दहा लाख काळे हवे आहेत, की त्यांना गोऱ्यांत मिसळून टाकून इथे कधी ॲबोरिजिनल होते हेच विसरायचं आहे? अशा मुलांसाठी सरकारी भाषेत ‘हाफ-कास्ट’ हा शब्द चालायचा. यातला ‘कास्ट’ पोर्तुगिजांच्या ‘कास्ता’तून आलेला. गोव्या-कोकणच्या किनाऱ्यावर आपल्या जाती पाहून त्यांनी तो वापरला, इंग्रजांनी उचलला आणि अर्धा करून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नेला. जातीचा शब्द निर्यात करण्यातही आपला वाटा आहे, हे वाचताना मला फार बरं वाटलं नाही.

१९३९ च्या दुरुस्तीने आणखी एक गंमत केली. ज्याचं वागणं-बोलणं मंडळाला ‘सुधारलेलं’ वाटेल, त्याला सूट देणारा दाखला. दाखला मिळाला की माणूस कायद्यापुरता ॲबोरिजिनल उरत नसे, आणि मग स्वतःच्याच नातलगांच्या वस्तीत राहणं त्याला अवघड होई. लोक त्या कागदाला ‘कुत्र्याचं लायसन’ म्हणत. एका घरातला भाऊ दाखलेवाला, बहीण बिनदाखल्याची, असं चालायचं. म्हणजे मुलं उचलण्याच्या आधीच कुटुंबात रेघ ओढून झाली होती.

आता सगळ्यात महत्त्वाची नोंद. १९४९ मध्ये सरकारच्याच विधी सल्लागाराने मंडळाला सांगितलं होतं की, कायदेशीर पालक असणं म्हणजे आईबापांपासून मूल काढून घेण्याचा अधिकार नव्हे. मूल दुर्लक्षित आहे असं वाटलं तर न्यायालयात जायला हवं, तिथे ते सिद्ध करायला हवं. म्हणजे ब्रूसच्या आजाराच्या आठ वर्षं आधीपासून मंडळाला ठाऊक होतं की ते जे करतं त्याला कायद्याचा आधार नाही.

म्हणून ‘तेव्हाचा काळच तसा होता’ हे वाक्य या गोष्टीत मला चालत नाही. त्या काळच्या कायद्यानेही हे बेकायदाच होतं.

गुरुवार, २६ डिसेंबर ते मंगळवार, ३१ डिसेंबर. उरले दीडशेच्या आसपास.

रुग्णालयात या दिवसांत चांगलंच घडत होतं. पोर सुधारत गेलं. जुलाब थांबले, पोटात अन्न ठरू लागलं. १३ महिन्यांचं मूल म्हणजे आपल्याकडे बोटाला धरून चालू लागलेलं, चार शब्द बोबडे बोलणारं, आईचा आवाज शंभरांत ओळखणारं. त्या वॉर्डात त्याच्या ओळखीचा एकही आवाज नव्हता.

हा घटनाक्रम थांबवायला या तासांत फार काही लागत नव्हतं. मेनिंगीला एक कार्ड, एक निरोप: तुमचा मुलगा बरा आहे, घेऊन जा. तेवढं कुणी लिहिलं नाही. मूल बरं झाल्यावर रुग्णालयाने आईबापांकडे नव्हे, मंडळाकडे पाहिलं. दाखल-नोंदीत आईबाप नव्हतेच ना.

आणि मेनिंगीची माणसं? त्या वस्त्यांतल्या लोकांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. रस्त्यावर सरकारी गाडी दिसली की पोरं झुडपांत पळायची, मोठी माणसं त्यांना लपायला शिकवायची. ‘वेल्फेअर’ म्हणजे कल्याण खातं, पण हा शब्द तिथे आपल्याकडच्या ‘पोरं पळवणारी टोळी’सारखा वापरला जाई. ज्या खात्याच्या भीतीने पोरं झाडीत लपवायची, त्याच खात्याच्या दारात जाऊन ‘आमचा मुलगा कुठे’ विचारायचं धाडस कोण करणार? शिवाय रुग्णालयावर विश्वास होता. पोर डॉक्टरांकडे आहे म्हणजे सुरक्षित आहे.

बुधवार, १ जानेवारी १९५८ ते रविवार, ५ जानेवारी. उरले शंभर, मग पन्नास, मग एक रात्र.

या पाच दिवसांत वॉर्डातून सांगण्यासारखं काही नाही. बरं झालेलं मूल पाळण्यात आहे, एवढंच. तेव्हा सोमवार उजाडायच्या आत पुढचं सांगून टाकतो. ते शेवटी ठेवलं तर सोमवारची गोष्ट त्याखाली दबून जाईल.

जुलै १९५८ मध्ये, म्हणजे सात महिन्यांनी, थोराने मंडळाला पत्र लिहिलं. बाळ ब्रूस कसा आहे, त्याला मी घरी कधी नेऊ शकेन, असं त्यात साधं विचारलं होतं. पत्रातल्या सुरावरून दिसतं की तिच्या मनात मूल अजून दवाखान्यातच होतं. ऑगस्टमध्ये उत्तर आलं: प्रगती चांगली आहे, पण घरी नेण्याजोगा झाल्याचं डॉक्टरांना अजून वाटत नाही. ज्या दिवशी हे टंकलिखित झालं, त्या दिवशी ब्रूस रुग्णालय सोडून सात महिने झाले होते. गोऱ्या घरात तो वाढत होता आणि त्या घराचा पत्ता मंडळाच्या फायलीत होता.

खोटं बोलताना माणूस अडखळतो. कार्यालय अडखळत नाही. त्या पत्रात शिवी नाही, धमकी नाही, उलट काळजीचा स्वर आहे. एखाद्या बँकेने ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ कळवावं तसं. हजारो आयांच्या बाबतीत हेच झालं असणार, फक्त थोराच्या पत्राची प्रत फायलीत राहिली.

त्याच १९५८ मध्ये मंडळाच्या सचिवांनी व्हिक्टोरिया राज्यातल्या आपल्या समकक्ष अधिकाऱ्याला गोपनीय पत्र लिहिलं. कायदेशीर अधिकार नसताना आम्ही काही वर्षांपासून अनेक मुलांचा ताबा घेत आलो आहोत, अशी सुमारे ३०० मुलं सध्या आहेत, अशी त्यात कबुली होती. आईला खोटं आणि सहकाऱ्याला खरं. हे पत्र पुढे न्यायालयात आलं.

ब्रूस तीन वर्षांचा असताना स्वतःचे केस उपटू लागला होता. पुढे वैफल्य आणि दारू आली. मुलाला आईपासून तोडल्याने काय होतं हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं, असंही म्हणता येत नाही. जॉन बोल्बी यांचा याच विषयावरचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ मध्येच काढला होता, आणि न्यायालयात त्याचा उल्लेखही झाला.

१९६२ च्या नव्या कायद्याने मंडळाचं ते सर्वंकष पालकत्व गेलं. १९६६ मध्ये जोसेफ वारला. ज्या पोराला नाताळच्या दिवशी दवाखान्यात धाडलं, ते त्याला पुन्हा दिसलं नाही. ब्रूस आईला भेटला तेव्हा तो दहाच्या आसपास होता आणि १९६७ मध्ये त्याला तिच्याकडे परत पाठवलं गेलं. म्हणजे ज्यांना तो आजवर आईबाप समजत होता त्यांच्यापासून पुन्हा तोडून, अनोळखी माणसांत. ते जमलं नाही. नंतरची त्याची किशोरवयाची वर्षं बरीचशी संस्थांमध्ये गेली.

१९९८ मध्ये त्याने सरकारवर दावा लावला. त्याआधीच्या वर्षी ‘ब्रिंगिंग देम होम’ हा राष्ट्रीय चौकशीचा अहवाल आला होता. १९१० ते १९७० या काळात दर दहापैकी एक ते दर तिनांपैकी एक ॲबोरिजिनल मूल कुटुंबापासून तोडलं गेलं, असा त्याचा अंदाज. पण अहवाल वेगळा आणि खटला वेगळा. नॉर्दर्न टेरिटरीतल्या लोर्ना क्युबिलो आणि पीटर गनर २००० मध्ये खटला हरले होते. गनर यांच्या बाबतीत तर सरकारकडे आईच्या अंगठ्याचा ठसा असलेला संमतीचा कागद होता. न वाचता येणाऱ्या बाईचा अंगठा आणि इंग्रजी मजकूर! सावकारी कागदांची आठवण असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

ब्रूसच्या फायलीत मात्र अंगठाही नव्हता. मंडळाने घाईत तेवढीही तजवीज केली नव्हती. आणि ब्रूसकडे आणखी एक पुरावा होता, जो कागदाचा नव्हता: त्याचे भाऊ. टॉम आणि जॉर्ज ट्रेवरो त्याच वन माइल कॅम्पमध्ये, त्याच गोणपाटाच्या भिंतींत, त्याच गरिबीत, त्याच आईबापांकडे वाढले. दोघंही पुढे नॅरिंजेरी समाजाचे नेते झाले. टॉमने मेनिंगीजवळ ‘कॅम्प कूराँग’ उभारलं, जिथे शाळेची पोरं येऊन नॅरिंजेरी इतिहास शिकत, लव्हाळं विणून पाहत. ‘दुर्लक्षित’ ठरवलेल्या घराने वाढवलेली मुलं अशी निघाली, आणि सरकारने ‘वाचवलेलं’ मूल असं. न्यायमूर्ती थॉमस ग्रे यांनी ही तुलना लक्षात घेतली. एवढी स्वच्छ तुलना न्यायालयापुढे क्वचित येते.

१ ऑगस्ट २००७ रोजी निकाल लागला. मूल बेकायदा काढून घेतलं गेलं, राज्य जबाबदार आहे. ५,२५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई, नंतर व्याज धरून ७,७५,०००. अशा तोडलेल्या मुलांना ऑस्ट्रेलियात ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात; त्यांच्यापैकी न्यायालयात भरपाई जिंकणारा ब्रूस ट्रेवरो पहिला. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत या पिढ्यांची माफी मागितली. २० जून २००८ रोजी ब्रूस वारला, वय ५१. राज्य सरकारने केलेलं अपील तो गेल्यावरही चालू राहिलं. २०१० मध्ये ते मुख्यतः फेटाळलं गेलं, पण डांबून ठेवल्याचा ठपका तेवढा पुसला गेला: बाळ पाळण्यात होतं, कोठडीत नव्हतं, अशा वळणाचा तो युक्तिवाद. कायद्याच्या दृष्टीने बरोबरही असेल.

सोमवार, ६ जानेवारी १९५८. शेवटचे तास.

कार्यालयं उघडली. ॲडलेडच्या वर्तमानपत्रात मूळनिवासी बाळांना सांभाळायला घरं हवीत अशी जाहिरात आली होती. आपण जुन्या फर्निचरसाठी देतो तशी, असं लिहायचा मोह होतो, पण ते अन्यायाचं होईल. ज्या बाईने जाहिरातीला उत्तर दिलं तिच्या मनात दया असावी. मी तिचं नाव इथे घेत नाही. तिने त्या मुलाला वाढवलं, आजारपणं काढली. या गोष्टीत ती खलनायिका नाही, आणि मला वाटतं हेच या प्रकाराचं सगळ्यात वाईट अंग आहे. खलनायक नसतानाही हे चालू शकत होतं. एक कारकून, एक अधिकारी, एक परिचारिका, एक कनवाळू बाई. प्रत्येकाने आपल्यापुरतं सभ्य काम केलं.

बाई आपल्या मुलीला घेऊन रुग्णालयात आली. तिथे त्यांना पोरं दिसली. न्यायालयातल्या साक्षीत हा प्रसंग आला आहे: कुरळ्या केसांचं एक गोड बाळ त्यांच्या नजरेत भरलं. त्यांना मुलगी हवी होती, ही मुलगी आवडली.

मंडळाची परवानगी होती. आईची सही नव्हती, बापाची नव्हती, न्यायाधीशाचा हुकूम नव्हता. मेनिंगीला निरोप गेला नाही. बरं झालेलं, घरी पाठवायला तयार असलेलं मूल रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडलं आणि दीडशे किलोमीटरच्या रस्त्याऐवजी शहरातल्याच एका रस्त्याने निघालं.

त्याच दिवशी, त्या घरी.

बाळाचा लंगोट बदलायची वेळ झाली. दोघी मायलेकींनी तो सोडला, आणि तेव्हा त्यांना कळलं की आपण मुलगी नाही, मुलगा आणला आहे.